घाडीची खिडकी आणि तुझी लिफ्ट

वासंती, आपण दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर वाल सोलले. तुला खाली बसवत नव्हतं म्हणून पातेलं टेबलावर घेतलं होतं. एका बाजूला तू, समोर मी. भिजलेला वाल चिमटीत दाबला की साल बोटात राहते आणि डाळिंबी सुटते. माझ्या सुटून लादीवर पडत होत्या आणि तू बघून न बघितल्यासारखं करत होतीस. मी लिफ्टचा विषय काढला. तू म्हणालीस, "आधी सोला." मग कोथिंबीर नाही म्हणून उठलीस. मी जातो म्हटलं, तर म्हणालीस तुम्ही पिवळी जुडी आणता. हे खरं आहे. भाजीवाला देईल ती मी घेतो.

तू आणलेली जुडी चांगली होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुझ्या शेजारी पडली होती. तू दम खायला बसायचीस तशीच भिंतीला टेकून बसली होतीस. दुसऱ्या मजल्यावरच्या शिर्केबाईंनी हाक मारली तर बोलली नाहीस, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

डॉक्टर म्हणाला, काका, घरात खुर्चीवर बसल्या असत्या तरी हे झालं असतं, हार्टच तसं होतं. मी त्याला विचारलं, लिहून देतोस? त्याने पाणी प्यायला सांगितलं.

गावच्या मंडळाच्या अंकात तुझ्यावर लिहा असं मयेकरने सांगितलंय. मयेकर म्हणजे आपल्या बिल्डिंगचा सेक्रेटरी, आणि मंडळाचाही तोच. म्हणाला, जन्म, गाव, शिक्षण, समाजकार्य असं क्रमाने लिहा. ते त्याला ठाऊक आहे, त्याने लिहावं. मी सातवी झालेला माणूस, मला क्रमाने येत नाही. शिवाय आपला वाद अर्धा राहिलाय. तो आता कोणाशी घालू?

वाद लिफ्टवरून होता, पण तो तू आणलास अंधेरीहून, दीदीच्या घरातून. अंक वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतो, तुला माहीत आहेच. दीदी म्हणजे तिथे चकाल्याला राहणारी रिटायर शिक्षिका. इटारसीकडची, हिंदी बोलणारी, लग्न न केलेली. माझी भांडुपची कंपनी बंद पडली त्या वर्षी तू तिच्याकडे स्वयंपाकाला लागलीस. पहिल्या दिवशी येऊन म्हणालीस, बाई ख्रिश्चन आहे पण घरात क्रॉस नाही, चर्चला जात नाही, फादर येत नाही. मी म्हटलं मग कसली ख्रिश्चन, पगार देते ना? पुढच्या आठवड्यात म्हणालीस, रविवारी पाच-सहा माणसं येतात आणि खुर्च्यांवर गप्प बसतात. तासभर. कोणाला आतून वाटलं तर तो उठून दोन वाक्यं बोलतो आणि परत बसतो. मी म्हटलं, यासाठी भाडं खर्चून येतात?

त्यांना क्वेकर म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आपसात ते एकमेकांना मित्र म्हणतात.

तू चहा ठेवून दारात उभी राहायचीस. दीदीने खुर्ची पुढे केली. तू म्हणालीस मी खाली बसते, तर ती म्हणाली, मग आम्हीही सगळे खाली बसतो. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याचे गुडघे तुझ्याहून वाईट होते, म्हणून तू खुर्चीवर बसलीस. हे सांगताना तू हसलीस.

मग तू तिथून एकेक गोष्ट घरी आणायला लागलीस, पिशवीतून भाजी काढावी तशी. ही माणसं तिकडे इंग्लंडात साडेतीनशे वर्षांपूर्वी निघाली. राजासमोर टोपी काढायची नाही म्हणाली. राजालाही तू म्हणायचं आणि गोठ्यातल्या गड्यालाही तू. कोर्टात शपथ घ्यायची नाही, कारण शपथेवर खरं बोलतो म्हटलं की एरवी खोटं बोलतो असं झालं. लढाईत माणूस मारायचा नाही. दुकानात एकच भाव सांगायचा. या सगळ्यासाठी तुरुंगात जाऊन बसली. मी विचारलं, एकच भाव? मग तुझी भाजीवाल्याशी घासाघीस उद्यापासून बंद का? तू म्हणालीस, तो क्वेकर झाला की बंद.

एकदा मला म्हणालीस, "अरे, जेवायला ये." मी मागे वळून बघितलं कोण आलंय. दोन दिवस तू ते चालवलंस. मग माझी बहीण गावाहून आली आणि तुझं अहो परत आलं. राजापुढे टोपी न काढणं सोपं असेल, नणंदेपुढे कठीण आहे, असं तूच म्हणालीस.

टीव्हीवर मंत्र्यांचा शपथविधी लागला की तू हातातलं काम टाकून यायचीस. बहुतेक जण देवाला साक्षी ठेवून शपथ घेतात, एखादा देवाचं नाव न घेता नुसतं गांभीर्याने सांगतो. तू मला कोपर मारायचीस. म्हणायचीस, ही दुसरी वाट त्या लोकांनी तुरुंगात बसून पाडलीय, आता आपल्या कायद्यातही आहे. मी म्हणायचो, वाटा दोन आहेत, पण आपले मंत्री दोन्हीवरून चालत नाहीत. तू परत कणीक मळायला जायचीस.

खरं भांडण युनियनवरून. मी आयुष्यभर कंपनीच्या गेटवर उभं राहून हात मोजले. संप करायचा का? हात वर. जास्त हात वर गेले की संप. आमच्यासारख्याला साहेबाच्या बरोबरीने मोजणारी दुसरी गोष्ट जगात नाही, असं मी मानतो. अजून मानतो. तू म्हणालीस दीदीकडे हात मोजत नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत बसतात, परत परत बसतात. कोणाला पटलं नाही पण अडवायचंही नसलं तर तो तसं सांगून बाजूला होतो. आणि एखाद्याने मनापासून नाही म्हटलं तर सगळं काम थांबतं. मी म्हटलं, असं केलं असतं तर आमचा एकही संप झाला नसता, मालकाने आम्हाला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

तेव्हा तू विचारलंस, "गेटवर ज्यांचे हात वर गेले नाहीत, त्यांचं काय व्हायचं?"

मी म्हटलं काय व्हायचं, मागून यायचे आमच्यात.

"आले की आणले?"

मी विषय बदलला. पण हे तुझं वाक्य माझ्या डोक्यात वाळूसारखं राहिलं.

मग मीही एक दिवस तुला धरलं. तूच सांगितलं होतंस की अमेरिकेत या लोकांच्या घरीही गुलाम होते. गुलाम ठेवणं पाप आहे असं त्यांच्यातल्या थोड्यांना आधी वाटलं आणि बाकीच्यांना पटेपर्यंत पिढ्या गेल्या. शेवटी सगळ्यांनी सोडले, आणि मग सरकारच्या मागे लागण्यातही तेच पुढे होते. हे तू अभिमानाने सांगत होतीस. मी म्हटलं, आणि तुमच्या या पिढ्या खुर्चीवर बसून विचार करत होत्या तोवर तो गुलाम काय करत होता? तोही गप्प बसला होता का? तू म्हणालीस, "हे मी दीदीला विचारीन." विचारलंस. घरी येऊन म्हणालीस, दीदी नुसती हो म्हणाली आणि डोळे पुसले. मी जिंकलो होतो. चहा मात्र मला गोड लागला नाही.

आणि सत्याग्रहाचं. मी म्हटलं, धरणं, उपोषण हे आपलं, त्यांनी आपल्याकडून उचललं. तू म्हणालीस, उचललं हे खरं, पण अमेरिकेत काळ्या लोकांनी मोर्चे काढले तेव्हा आपला सत्याग्रह तिकडे समजावून सांगणाऱ्यांत यांची माणसं होती. मी म्हटलं म्हणजे माल आपला, ते नुसते हमाल. तू म्हणालीस, "युनियनवाले असून हमालाला कमी लेखता?"

दीदी गेली तेव्हा तू मला घेऊन गेलीस. सगळे खुर्च्यांवर बसलेले. मीही बसलो. बराच वेळ झाला तरी काही सुरू होईना, म्हणून मी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, भटजी... म्हणजे फादर वगैरे यायचेत का? तो म्हणाला, हमारे यहाँ नहीं होता. मी परत बसलो. पोटात भूक लागलेली. एवढ्यात तू उठलीस. आयुष्यात चार माणसांत तू कधी बोलली नव्हतीस, लग्नात नाव घ्यायलाही लाजली होतीस. तू मराठीतच म्हणालीस, "दीदीने मला पहिल्या दिवशी खुर्ची दिली," आणि बसलीस. परत येताना मेट्रोत मी तुला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं नाही. आता वाटतं की विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, एवढंच.

आपल्या बिल्डिंगच्या कमिटीत बाईची राखीव जागा होती. कोणी तयार नव्हतं म्हणून तुला घेतलं. पहिल्याच मीटिंगला तू म्हणालीस, ठरवण्याआधी थोडा वेळ गप्प बसू. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण आपल्याकडे माणूस गेल्याशिवाय मीटिंगमध्ये कोणी गप्प बसत नाही. कमिटीतला साळवी उशिरा आला आणि सगळे खाली माना घालून बसलेले बघून घाबरून म्हणाला, कोण गेलं? केवढे हसले सगळे. पण त्या दिवशी पाण्याच्या वेळेचं भांडण मिटलं. गप्प बसल्यावर परत त्याच पट्टीत ओरडायची लाज वाटते, एवढंच मला त्यातलं कळलं.

मग लिफ्ट आली. म्हणजे आली नाही, तेच तर. चार मजल्यांची बिल्डिंग, सगळे म्हातारे होत चाललेले, तुझे गुडघे तर सगळ्यांत आधी गेलेले. इंजिनिअरने जिन्याला लागून जागा दाखवली. तिथे लिफ्ट उभी केली की तळमजल्यावरच्या घाडीची खिडकी बंद होते. घाडी बसचा कंडक्टर होता, साखरेने त्याचे डोळे गेले. तो सकाळपासून त्या खिडकीत बसतो आणि जिन्यावरच्या पावलांवरून माणसं ओळखतो. "मयेकर, नवीन चप्पल काय रे?" "शिर्केबाई, आज घाई?" बिल्डिंगमध्ये कोण आजारी, कोण रुसलंय हे त्याला आपल्या आधी कळतं. तो नाही म्हणाला. मयेकर त्याच्या माघारी म्हणाला, आंधळ्याला खिडकी कशाला हवी? तू म्हणालीस, "आंधळ्यालाच हवी."

बाकी सगळे हो म्हणत होते. हात मोजले असते तर त्याच दिवशी काम झालं असतं. तू मोजू दिले नाहीस. म्हणालीस, घाडीभावोजींना पटत नाही तोवर थांबू, दुसरी काही वाट निघते का बघू. मी घरी येऊन तुला म्हटलं, अगं, ज्या बाईला लिफ्टची सगळ्यात जास्त गरज तीच अडवून बसली, लोक हसतात. तू म्हणालीस, "गरज माझी आहे म्हणून तर मला थांबता येतं. दुसऱ्याची असती तर कसं सांगितलं असतं, थांब म्हणून?" आणि जिना चढत राहिलीस. वळणावर थांबायचीस, भिंतीला डोकं टेकायचीस. मी पिशवी घेऊन पुढे जायचो आणि वर दार उघडून ठेवायचो.

वाल सोलताना मी हेच म्हणत होतो. तो गुलाम काय करत होता, वासंती, असंच विचारणार होतो परत. तू आधी सोला म्हणालीस.

तू गेल्यावर चकाल्याची, दीदीकडे रविवारी बसणारी दोन माणसं आली. आपले नातेवाईक रडत होते, कसं झालं, काय झालं विचारत होते. ही दोघं येऊन माझ्या शेजारी बसली आणि काहीच बोलली नाहीत. माझ्या बहिणीला राग आला, म्हणाली, आली कशाला मग? मला त्यांचं बरं वाटलं. सगळ्यांना तीच गोष्ट सांगून माझी जीभ दुखत होती.

घाडी रोज खिडकीतून हाक मारायचा, दादा. मी ओ देत नव्हतो. तेराव्यापर्यंत एकदाही दिली नाही.

तेराव्यानंतर मीटिंग लागली. मयेकरने फळ्यावर लिहिलं होतं, कै. वासंतीवहिनी स्मृती उद्वाहक. तुझा फोटो, हार, खाली नारळ. तुझा फोटो समोर असताना घाडी नाही म्हणणार नाही हे मयेकरला कळत होतं. वाईट माणूस नाही तो, त्याच्या आईलाही चढवत नाही. पण शाणा आहे. घाडीला त्याची सून धरून घेऊन आली. तो उभा राहिला आणि म्हणाला, माझी हरकत नाही, लावा लिफ्ट. मयेकर लगेच म्हणाला, मग हात वर करा, एकमताने करून टाकू.

सगळे हात वर गेले. माझाही निम्म्यापर्यंत गेला, सवयीने. आणि तुझं ते वाक्य आलं.

मी विचारलं, "घाडी, तू आलास की तुला आणला?"

"सुनेने आणला," घाडी म्हणाला. लोक हसले.

"ते नाही विचारत रे."

तो उभ्याउभ्या काठी चाचपत राहिला. मग म्हणाला, "दादा, वहिनी वर जाताना वळणावळणावर थांबायची, ते मला ऐकू यायचं. त्या दिवशी दुसऱ्यावर थांबली. मी पुढच्या पावलाची वाट बघत बसलो. आता मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

मी म्हटलं, "म्हणजे आणला."

मयेकर म्हणाला, काका, तुम्हालाच तर लिफ्ट हवी होती. मी म्हटलं, अजून हवी आहे. पण ती बाई जिवंत असताना जे करू देत नव्हती ते तिच्या फोटोला हार घालून करायचं नाही. तिचं नाव पूस आणि हात खाली घ्यायला सांग. कोणीतरी विचारलं, मग काय करायचं? मला तरी कुठे माहीत होतं? मी म्हटलं बसा. सगळे बसले. घाडीला खुर्ची नव्हती, मयेकरने स्वतःची दिली. साळवी नेहमीसारखा उशिरा आला. दारातून सगळे गप्प बसलेले बघितले आणि या खेपेला काही न विचारता चप्पल काढून आत आला.

फार वेळाने शिर्केबाई म्हणाल्या, मागच्या बाजूने लिफ्ट नेली तर? आमच्या मोरीची खिडकी जाईल, पण जाऊ दे. मयेकर म्हणाला तिकडे पाइप आहेत, खर्च वाढेल, वरच्यांच्याही मोऱ्या आहेत. मी म्हटलं आमचीही घे. त्या बाजूचे बाकीचे दोघं म्हणाले घरी विचारून सांगतो. मयेकर इंजिनिअरला परत बोलावणार आहे. ठरलं काहीच नाही.

तुला बरं वाटलं असतं. मला वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? ही मोरीची खिडकी शिर्केबाईंना तू जिना चढत होतीस तेव्हा का सुचली नाही? गप्प बसून माणसाला सुचायचं असेल तर ते सुचेपर्यंत कोणीतरी चढत असतं. हे मी तुला विचारलंच असतं आणि तू दीदीला विचारते म्हणाली असतीस, दीदी नसली तरी. आणि तरीही माझा हात निम्म्यावरून खाली आला. तो मी आणला नव्हता. आपोआप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो. मी नेहमी खडखड उतरतो. त्या दिवशी म्हटलं, ही थांबायची तेव्हा काय बघायची ते बघू. पहिल्या वळणावर जाळीतून डोंगरावरची घरं दिसतात. मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला डोक्याच्या उंचीवर तेलाचा डाग आहे, तुझ्या केसांचा. तिथे मी जास्त वेळ उभा राहिलो. मग एकेक पायरी, कठड्याला धरून, खालच्या वळणावर थांबून.

घाडी खिडकीत होता. मान तिरकी करून ऐकत होता.

"वहिनी?" तो म्हणाला.

म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं असणार. तोंड तसंच माझ्याकडे करून बसला.

मी ओ दिली. मग त्याच्या खिडकीखालच्या कट्ट्यावर जाऊन बसलो.